मदत हवी आहे : फत्त्यातल्या रोटीचा लगदा होतो

नमस्कार. नोकरीनिमित्त आम्ही कैरोला राहतो. बकरी ईदला इथे घरोघरी होणारा आणि इजिप्तमधल्या कॉप्टिक पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबांत उपवास सुटल्यावर 7 जानेवारीच्या नाताळातही मानाने वाढला जाणारा फत्ता (रोटी, भात आणि मटण यांचे थर लावलेला पदार्थ) मी शेजारच्या काकूंना विचारून दोनदा करून पाहिला, पण मनासारखा जमला नाही.

कांदा, वेलदोडे, तमालपत्र आणि चिमूटभर रुमी मस्तकी (एक सुगंधी डिंक) घालून मटण शिजवते. ‘ऐश बलदी’ या कोंड्यासकट गव्हाच्या पोकळ रोटीचे तुकडे तुपात कुरकुरीत करून त्यांवर मटणाचे गरम पाणी ओतते. मग आखूड दाण्याचा भात, लसूण-व्हिनेगरची फोडणी, टोमॅटोचा सॉस आणि सर्वांत वर मटण असे थर लावते. मटण छान शिजते, भातही मोकळा होतो. अडचण रोटीची आहे: पाहुणे जेवायला बसेपर्यंत तिचा लगदा होतो, आणि पाणी कमी घातले तर ती कोरडी, चिवट लागते.

फोडणीचेही तसेच. लसूण तांबूस होताच व्हिनेगर ओतले तरी कडवटपणा उरतो (वासाने मात्र सारे घर भरते!), म्हणून लसूण नेमका कोणत्या रंगावर असताना व्हिनेगर घालावे आणि चार माणसांच्या ताटासाठी रोटीवर किती वाट्या पाणी पुरे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. रोटी तुपाऐवजी ओव्हनमध्ये भाजल्यास ती जास्त वेळ टिकते का?