आर्ट जर्नल आणि उभयलैंगिक ओळख: वही स्वतःपुरती ठेवावी की दाखवावी?

कोरे पान (धागाकर्ती)

आपली उभयलैंगिक ओळख समजून घेण्यासाठी आर्ट जर्नल, म्हणजे चित्रे, रंग आणि शब्द यांची वही, ठेवावी, हा सल्ला आता सर्रास दिला जातो आणि पाठोपाठ त्या वहीची पाने लोकांसमोर मांडण्याचा आग्रहही येतो. सल्ला मला मान्य आहे, आग्रह मात्र मुळीच मान्य नाही.

एकापेक्षा अधिक लिंगांच्या व्यक्तींविषयी आकर्षण वाटणाऱ्या माणसाकडे सतत पुरावा मागितला जातो. आजवर कोणाकोणावर प्रेम केले, कल कोणत्या बाजूला अधिक, शेवटी निवड कोणाची करणार, हे प्रश्न परके विचारतात तसे आपलेही विचारतात. लैंगिकतेचे अमेरिकी अभ्यासक आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ मध्ये ० (पूर्णतः भिन्नलैंगिक) ते ६ (पूर्णतः समलैंगिक) अशी मोजपट्टी मांडली. मनोविकारतज्ज्ञ फ्रिट्झ क्लाइन यांनी १९७८ मध्ये आकर्षण, वर्तन, कल्पनारंजन, भावनिक ओढ असे सात पैलू भूतकाळ, वर्तमान आणि आदर्श या तीन रकान्यांत मांडून २१ चौकटींचा तक्ता केला. दोन्हींचे मोल मी नाकारत नाही, परंतु दोन्हींना उत्तर आकड्यातच हवे असते. वहीला ते नको असते. मागच्या पानावर जे अगदी ठाम वाटले होते, त्याच्या नेमके उलट पुढच्या पानावर उमटले, तरी तिथे कोणी उलटतपासणी घेत नाही. पान एकदा लोकांना दाखवले की तेही पुराव्यात जमा होते.

शिवाय दाखवण्यासाठी काढलेले चित्र निराळेच होते. मायकल पेज यांनी १९९८ मध्ये तयार केलेल्या उभयलैंगिकांच्या ध्वजात ४० टक्के गुलाबी, २० टक्के जांभळा आणि ४० टक्के निळा पट्टा आहे. तो लांबून ओळखू यावा म्हणून केलेला आहे आणि त्या कामी तो उत्तमच आहे. पण वहीतले प्रत्येक पान त्याच तीन रंगांत रंगू लागले, की माणूस स्वतःविषयी काही शोधतो आहे की घोषणाफलक रंगवतो आहे, अशी शंका येते. ओल्या कागदावर गुलाबी आणि निळा रंग शेजारी सोडून पाहा: जांभळा पट्टीने आखल्यासारखा मध्ये थांबत नाही, तो एका बाजूला पार कडेपर्यंत ओघळतो आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम डोकावतो. ते पान मला ध्वजापेक्षा अधिक खरे वाटते.

शाईची दौत

धागाकर्तींचे निरीक्षण सुरेख आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. समलिंगी व्यक्तीची ओळख निदान तिच्या जोडीदारावरून तरी इतरांच्या लक्षात येते. उभयलैंगिक स्त्रीने पुरुषाशी लग्न केले की ती सर्वांच्या लेखी भिन्नलैंगिक ठरते, आणि स्त्रीबरोबर राहू लागली की समलैंगिक. दोन्ही वेळा तिची खरी ओळख पुसली जाते, आणि तीही कोणी वाईट हेतूने पुसलेली असते असे नाही. कायद्याचे अभ्यासक केन्जी योशिनो यांनी २००० साली नेमक्या याच पुसले जाण्यावर विस्तृत निबंध लिहिला होता. २३ सप्टेंबर हा दिवस १९९९ पासून उभयलैंगिकतेचा उत्सव म्हणून साजरा होऊ लागला, त्यामागेही आपण दिसावे हीच आस होती. अशा माणसाला ‘तुझी वही तुझ्यापाशीच ठेव’ असे सांगणे म्हणजे जे जग त्याला आयुष्यभर सांगत आले आहे, तेच जरा मऊ शब्दांत सांगणे नव्हे काय?

मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलोंचे उदाहरण घ्या. त्यांचे संबंध पुरुषांशी होते तसेच स्त्रियांशीही होते, हे सर्वज्ञात आहे. आयुष्याच्या अखेरच्या सुमारे दहा वर्षांत त्यांनी शाई, जलरंग आणि शब्द यांनी भरलेली रोजनिशी ठेवली. त्या १९५४ मध्ये वारल्या आणि ती वही १९९५ मध्ये छापून आली. ती कपाटातच राहिली असती, तर स्वतःच्या शरीराशी आणि प्रेमाशी इतक्या उघडपणे बोलणारी पाने आपल्यापैकी कोणी पाहिली असती?

कोरे पान

आपलेच उदाहरण माझ्या बाजूचे आहे. ती पाने आज इतकी उघड वाटतात, कारण काहलोंच्या हयातीत ती प्रकाशित झाली नव्हती. दुसरे असे की, त्या वहीत त्यांचे पती, चित्रकार दिएगो रिव्हेरा यांना उद्देशून लिहिलेला मजकूर पुन्हा पुन्हा येतो. केवळ तेवढ्यावरून कोणी त्यांची लैंगिकता ठरवू पाहील, तर काय हाती लागेल? वहीने माणसाची संपूर्ण ओळख सिद्ध करावी, ही अपेक्षाच मला गैर वाटते.

दिसण्याची गरज मी नाकारत नाही. त्यासाठी ‘मी उभयलैंगिक आहे’ हे साधे वाक्य पुरेसे आहे. ते उच्चारायला धैर्य लागते, मान्य. पण त्याच्या पुष्ट्यर्थ मनातला सगळा पसारा जोडण्याची गरज नाही.

ठळक रेघ

दोघांनीही गृहीत धरलेल्या गोष्टीवरच मला प्रश्न आहे. अशा वहीने खरोखर काही साधते का? कलाकृती करण्यात ४५ मिनिटे घालवल्यावर सुमारे ७५ टक्के सहभागींमधील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक कमी झाले, असा २०१६ मधील एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात अवघे ३९ जण होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नुसते शांत बसूनही तितकाच फरक पडला असता की नाही, हे त्यातून कळत नाही.

त्याहून बोलका प्रयोग पेनेबेकर आणि बील या मानसशास्त्रज्ञांचा, १९८६ मधला. त्यात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगांविषयी लिहिले. घडलेला प्रसंग आणि त्याविषयीच्या भावना हे दोन्ही ज्यांनी लिहिले, ते लिहून झाल्यावर लगेच अधिक खिन्न होते. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. ज्यांनी नुसत्या भावना ओतल्या, त्यांना तसा लाभ झाला नाही. ओल्या कागदावरचा जांभळा ओघळ कितीही मोहक असला, तरी तो नुसत्या भावनेच्याच खात्यात जातो. काय घडले, कोणाविषयी काय वाटले आणि ते कबूल करायला इतकी वर्षे का लागली, हे शब्दांत लिहिल्याशिवाय त्या वहीचा उपयोग अर्धाच.

अवांतर: जांभळा म्हणजे ‘अर्धे हे, अर्धे ते’ असे समजणाऱ्यांना आवरा. आकर्षण ही समसमान वाटणी नसते, आणि ते दोनच लिंगांपुरते असते असेही नाही.

थर

ठळक रेघ यांचा शब्दांविषयीचा मुद्दा मान्य. पण शब्द वाचता येतात, हीच तर अडचण आहे. ज्यांच्या घरात ही ओळख उघड झाल्यास आसरा तुटण्याची भीती आहे, त्यांच्यासाठी ‘दाखवावे की नाही’ हा तात्त्विक वाद नाही. कोणी वही उघडली तर काय, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

म्हणून कामाचे तेवढे सांगतो. आधी लिहावे आणि मग त्यावर रंग चढवावा, ही आर्ट जर्नलची रूढ पद्धत आहे. मात्र पाण्यात विरघळणाऱ्या शाईने लिहून वर पांढरा ॲक्रिलिक रंग फिरवला, तर ओल्या रंगात शाई पुन्हा जागी होते आणि अक्षरे फिकट होऊन वर येतात. शिसपेन वापरल्यास तिचा दाब हलका ठेवावा, अन्यथा तिरप्या उजेडात अक्षरांचे चर दिसतात. वर कागदाचे तुकडे चिकटवले तर हे दोन्ही धोके बरेच कमी होतात. लिहिण्याचा लाभ मिळतो आणि मजकूर सहजासहजी कोणाच्या हाती लागत नाही.

शाईची दौत

थर यांनी सांगितलेली अडचण खरी आहे आणि अशा माणसाने वही झाकावी, याला माझा विरोध असूच शकत नाही. माझा रोख निराळ्या लोकांवर आहे: ज्यांना कसलाच धोका नाही, ज्यांच्या जोडीदाराला सर्व ठाऊक आहे, आणि तरीही ‘हे माझे खासगी आहे’ म्हणून जे गप्प राहतात. धागाकर्ती म्हणतात, एक वाक्य पुरेसे आहे. मग तेच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर, न झाकता लिहायला त्यांची हरकत आहे काय?

कोरे पान

हरकत नाही. माझ्या वहीत ते आहेच, फक्त पहिल्या पानावर नाही.