दोन इन्स्टन्स झाले आणि एकच सीट दोघांना विकली गेली

विंगेतला
गावच्या नाट्यगृहासाठी तिकीट बुकिंगचं अ‍ॅप लिहिलंय. फास्टएपीआय (पायथनचं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस), क्लाउडवर कंटेनर (अ‍ॅप ज्यात बांधून चालवतो तो डबा). ग्राहकाने सीट निवडली की पैसे भरेपर्यंत १० मिनिटं राखून ठेवतो. ही राखीव यादी पायथनच्या डिक्शनरीत, म्हणजे प्रोसेसच्या मेमरीत आहे. एरवी सुरळीत चालतं. रविवारच्या प्रयोगाचं बुकिंग उघडलं, गर्दी झाली, दुसरा इन्स्टन्स (अ‍ॅपची आणखी एक चालती प्रत) उभा राहिला आणि जी १२ दोघांना गेली. पैसेही दोघांचे कापले गेले. लोड बॅलन्सरवर (विनंत्या इन्स्टन्समध्ये वाटणारा) सेशन अ‍ॅफिनिटी चालू केली तर भागेल का? की सरळ रेडिस (मेमरीत चालणारा, सगळ्या इन्स्टन्सना सामायिक डेटा साठा) आणू?

जुना_बॅकएंडवाला
अ‍ॅफिनिटीने एका ग्राहकाच्या विनंत्या एकाच इन्स्टन्सकडे जातील, एवढंच. इथे चढाओढ दोन ग्राहकांत आहे. एक या इन्स्टन्सवर, दुसरा त्या. दोघांनाही आपापल्या डिक्शनरीत जी १२ मोकळीच दिसणार.

रेडिस आत्ता नको, पोस्टग्रेस हाताशी आहेच. एक टेबल करा: प्रयोग, सीट, ऑर्डर क्रमांक, मुदत. प्रयोग आणि सीट मिळून प्रायमरी की, म्हणजे त्या जोडीची एकच ओळ राहील. सीट राखायची ती एकाच इन्सर्टने: 'ऑन कन्फ्लिक्ट डू अपडेट' (ओळ आधीच असेल तर तीच बदला), वर व्हेअरची अट की आधीची मुदत उलटलेली असावी. रिटर्निंगमधून (लिहिलेली ओळ परत देणारा भाग) ओळ आली तर सीट मिळाली, नाही आली तर दुसऱ्याकडे आहे. आधी सिलेक्टने 'मोकळी आहे का' बघायचं आणि मग इन्सर्ट करायचं, हे कृपा करून टाळा. त्या दोन्हींच्या मधल्या फटीतच दुसरा घुसतो. आणि मुदत डेटाबेसच्या नाऊवरच (त्याच्या स्वतःच्या घड्याळावर) मोजा, इन्स्टन्सच्या घड्याळावर नको.

विंगेतला
प्रयोग मोजकेच असतात. कमाल इन्स्टन्स १ ठेवला तर?

जुना_बॅकएंडवाला
नवी आवृत्ती चढवताना जुना आणि नवा कंटेनर काही वेळ सोबत चालतात. जुना बंद झाला की त्याच्या मेमरीतली यादीही गेली. शिवाय युव्हिकॉर्नला (फास्टएपीआय चालवणारा सर्व्हर) ४ वर्कर, म्हणजे ४ स्वतंत्र प्रोसेस, दिले असतील तर एकाच कंटेनरमध्ये ४ वेगवेगळ्या डिक्शनऱ्या आहेत.

निशाचर
आमच्याकडे राखीव सीट्स रेडिसवर आहेत: सेट, एनएक्स (नोंद आधी नसेल तरच लिही), ईएक्स ६०० (६०० सेकंदांनी पुसून टाक). फार वेगवान. पण एलास्टीकॅश (अ‍ॅमेझॉनची तयार रेडिस सेवा) वापरणार असाल तर मेमरी भरल्यावर काय पुसायचं याचं तिथलं डिफॉल्ट धोरण व्होलाटाइल-एलआरयू असतं. मेमरी भरली की मुदत लावलेल्याच नोंदी उडतात, म्हणजे नेमक्या राखीव सीट्स. नोएव्हिक्शन (काहीच पुसू नको) करून घ्या. विक्रीची पक्की नोंद मात्र आम्हीही पोस्टग्रेसमध्येच, युनिक अटीखाली (एका सीटची एकच नोंद) ठेवतो.

जुना_बॅकएंडवाला
निशाचर यांचा शेवटचा मुद्दा मोलाचा. पैसे कापलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं वाईट, त्यामुळे पेमेंटकडेही नीट बघा. पेमेंट गेटवेचा वेबहूक (पैसे मिळाल्याचा त्याने आपल्या सर्व्हरला धाडलेला निरोप) आला की त्याच ऑर्डरच्या ओळीची मुदत इन्फिनिटी (कधीच न संपणारी) करा. टाइमस्टॅम्पच्या रकान्यात पोस्टग्रेस ती किंमत घेतो. वेबहूक दोनदा आला तरी बिघडत नाही. १० मिनिटं उलटली पण मधे कुणी सीट घेतली नाही, तर ओळ अजून त्याच ऑर्डरची आहे, सीट देऊन टाका. अपडेटमध्ये शून्य ओळी बदलल्या तर सीट गेलेली आहे: लगेच रिफंड सुरू करा आणि ग्राहकाला तसा मेसेज पाठवा.

पुढचं बुकिंग उघडण्याआधी २ इन्स्टन्स मुद्दाम चालू ठेवून एकाच सीटवर १०० विनंत्या एकदम सोडा. ओळ फक्त एकालाच परत मिळाली पाहिजे.