पर्यावरण संशोधनाचा सरकारी निधी वाढावा, ही मागणी खासदारांपुढे कशी मांडावी?

एरंडवणेकर
नमस्कार. आमच्या भागातील काही नागरिक अर्थसंकल्पापूर्वी खासदारांना निवेदन देणार आहेत. पर्यावरणशास्त्रातील संशोधनासाठी केंद्राने अधिक निधी द्यावा, ही त्यातील मुख्य मागणी आहे. देशाचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, हा आकडा मसुद्यात घातला आहे. परंतु नुसती टक्केवारी वाचून कोणी हलेल असे वाटत नाही. शिवाय पाषाणची उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था, आघारकर संस्था, शिवाजीनगरचे हवामान खाते, वनस्पती सर्वेक्षणाचे कार्यालय एवढे सगळे एकट्या पुण्यात असताना ‘आणखी पैसे कशाला?’ असे हमखास विचारले जाईल. त्याला काय उत्तर द्यावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सूक्ष्मकण
मी हवेतील कणांवर काम करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि पुण्याचा त्यात समावेश आहे. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये देशभरातील खर्चाचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यावरील धूळ आवरण्यावर गेल्याचे दिसले. ही धूळ प्रामुख्याने जाड कणांची असते. फुप्फुसांत खोलवर उतरणारे पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक) कण बहुतांशी ज्वलनातून आणि वायूंच्या रासायनिक प्रक्रियांतून तयार होतात. पाण्याचे टँकर आणि झाडूची यंत्रे लोकांच्या नजरेत भरतात, हे मला समजते. पण कोणत्या शहरात डिझेलचा वाटा किती, कचरा जाळण्याचा किती आणि धुळीचा किती, हे मोजल्याशिवाय पैसा योग्य जागी जाणार कसा?

हे मोजणे किचकट असते. फिल्टर पेपर हवेत लावण्यापूर्वी आणि काढून आणल्यानंतर ठरावीक तापमान व आर्द्रतेच्या खोलीत दिवसभर ठेवावा लागतो आणि मगच त्याचे वजन करता येते. वाढलेले वजन मायक्रोग्रॅममध्ये मोजायचे असल्यामुळे हाताचा घाम लागला तरी नमुना बाद होतो. त्यानंतर रासायनिक पृथक्करण: पोटॅशियमवरून लाकूड-पालापाचोळा जाळल्याचा माग लागतो, कॅल्शियम व सिलिकॉनवरून मातीचा आणि काळ्या कार्बनवरून मुख्यतः डिझेलसारख्या इंधनांचा. प्रत्येक ऋतूत, अनेक ठिकाणी हे करावे लागते. प्रकल्प मात्र साधारणपणे तीन वर्षांचा असतो आणि त्यातला बराच काळ खरेदी व नेमणुकांतच जातो. हात बसलेला प्रकल्प सहायक मुदत संपताच दुसरीकडे नोकरी धरतो आणि पुढच्या प्रकल्पात पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. तेव्हा निवेदनात रकमेआधी मुदतीविषयी लिहावे, अशी माझी सूचना आहे.

जुना लेखाधिकारी
मागणीला माझा विरोध नाही, परंतु ‘निधी वाढवा’ एवढ्यावर माझा विश्वास नाही. अनेक वर्षे मी संशोधन अनुदानांचे कागद पाहिले आहेत. मंजूर रक्कम एक असते आणि हाती पडणारी वेगळीच. उपयोगिता प्रमाणपत्रावर (मिळालेला पैसा ठरलेल्या कामावर खर्चल्याच्या दाखल्यावर) शेरा पडला की दुसरा हप्ता अडतो, तो मिळेपर्यंत मार्च उजाडतो आणि न खर्चलेली रक्कम परत जाते, की मग ‘यांना पैसे खर्चताच येत नाहीत’ असे म्हणायला सगळे मोकळे! यंत्र घ्यायला पैसे मिळतात, त्याच्या देखभालीच्या कराराला मिळत नाहीत; त्यामुळे महागडी यंत्रे आच्छादनाखाली पडून राहतात.

मोठ्या घोषणांचेही तसेच. संशोधनाला निधी देणाऱ्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा कायदा २०२३ मध्ये झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले गेले, पण त्यातील मोठा भाग सरकारबाहेरून यायचा आहे. औषध कंपनी औषधाच्या संशोधनाला पैसे देईल. ओढ्यातील पाण्याची पातळी मोजायला कोण देणार?

आणखी एक कटू गोष्ट. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, पण तो लोकांना वाचायला मिळावा म्हणून माहिती आयोगापर्यंत जावे लागले. जे संशोधन झाले आहे तेच वाचले जात नसेल, तर आणखी करून काय साधणार?

दक्षिण पुणेकर
लेखाधिकारी साहेबांचा शेवटचा प्रश्न रास्त आहे, परंतु त्यावरून निघणारी मागणी वेगळी आहे: सार्वजनिक पैशातून जमवलेली माहिती ठरावीक मुदतीत सर्वांसाठी खुली झाली पाहिजे. अहवाल दडपला तरी नोंदी हाती असल्या, तर कोणालाही त्यावरून बोलता येते.

मुदतीबाबत दोन उदाहरणे देता येतील. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला. १९६४ मध्ये निधी कपातीमुळे त्या नोंदींत काही आठवड्यांचा खंड पडला, तो कायमचाच. अंटार्क्टिकावरील हॅली केंद्रात ओझोनची मोजणी १९५० च्या दशकात सुरू झाली आणि ओझोनच्या विवराचा शोधनिबंध १९८५ मध्ये आला. मधल्या काळात ‘यातून काय निष्पन्न झाले?’ असे विचारून ते केंद्र बंद केले असते, तर ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या १९८७ च्या माँट्रियल कराराला आधार कशाचा राहिला असता?

आपल्याकडे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला आणि शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. कात्रजच्या डोंगरउतारावर किती मिनिटांत किती पाऊस पडला की खालच्या वस्त्यांत पाणी शिरते, हे सांगण्यासाठी त्या ओढ्याच्या पाणलोटातच पर्जन्यमापके हवीत, ती दर पावसाळ्यापूर्वी साफ करणारा माणूस हवा आणि नोंदी सलग वीस-तीस वर्षांच्या हव्यात. खासदारांना टक्केवारीऐवजी हे सांगावे.

एरंडवणेकर
सर्वांचे आभार. मसुदा बदलत आहोत. दीर्घकालीन निरीक्षणांसाठी किमान दहा वर्षांची हमी, देखभाल व तंत्रज्ञांसाठी स्वतंत्र तरतूद आणि खुल्या नोंदी, या मागण्या आधी येतील. एकूण निधीची वाढ त्यांच्या ओघाने मागू.

जुना लेखाधिकारी
एक व्यावहारिक सूचना. आपण नमूद केलेल्या संस्था एका छताखाली नाहीत. मौसमविज्ञान संस्था आणि हवामान खाते पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे, आघारकर संस्था विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे, तर वनस्पती सर्वेक्षण पर्यावरण मंत्रालयाकडे येते. तिघांच्या नावे स्वतंत्र पत्रे जोडा, अन्यथा ‘हा विषय आमच्या अखत्यारीत नाही’ असे उत्तर येईल आणि तोवर अर्थसंकल्प मांडून झालेला असेल.