मातीत लोह भरपूर असूनही उसावर केवडा का पडतो?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, इयत्ता नववी

नमस्कार. आमच्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी ऊस आहे. काल एका विद्यार्थिनीने खोडव्याच्या (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाच्या) पोंग्यातले, म्हणजे शेंड्याच्या सुरळीतले, कोवळे पान आणले होते. त्याच्या शिरा हिरव्या होत्या, पण शिरांमधले पट्टे पिवळसर पांढरे पडले होते; यालाच केवडा म्हणतात. तिची शंका अशी की हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो, तर मग या पिवळेपणावर लोह कसे फवारतात? शिवाय मातीत लोह मुबलक असताना ते बाहेरून का द्यावे लागते? मला नेमके उत्तर देता आले नाही.

उत्तर : मृदाशास्त्राचा विद्यार्थी

बाई, प्रश्न फार चांगला आहे. हरितद्रव्यात लोह नसते हे खरेच, परंतु ते तयार होण्याच्या क्रियेत लोहाची गरज असते. भाकरीत तवा नसतो, पण तव्यावाचून भाकरी होत नाही, तसेच हे आहे. लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहजी जात नाही, म्हणून पिवळेपणा आधी शेंड्याकडे दिसतो. नत्राची कमतरता मात्र खालच्या, जुन्या पानांवर प्रथम दिसते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर अणूच्या रचनेत आहे. लोहाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. त्यातील दोन गेले की फेरस आयन बनतो आणि तीन गेले की फेरिक. हवेशीर जमिनीतील लोह बहुतांशी फेरिक रूपात, म्हणजे गंजासारख्या न विरघळणाऱ्या संयुगांत अडकलेले असते. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) एकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते, आणि चुनखडीच्या जमिनीचा सामू आठच्या आसपास टिकून राहतो. त्यामुळे माती परीक्षणात एकूण लोह कितीही भरले, तरी मुळांना मिळणारे लोह अगदी थोडे असते. कुंडीत गंजके खिळे पुरण्याचा उपायही अशा मातीत याच कारणाने निरुपयोगी ठरतो.

उत्तर : ऊस उत्पादक

आम्ही हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, शेणखतात मुरवून देतो आणि केवडा दिसताच १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम या प्रमाणात फवारतो. द्रावण त्याच दिवशी वापरावे, कारण ठेवलेले द्रावण तपकिरी होते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. आज काचेच्या पेल्यात हिराकशीचे फिकट हिरवे द्रावण उघडे ठेवले आणि शाळा सुटेपर्यंत ते गढूळ होऊन तांबूस झाले; फेरसचे फेरिक होणे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. त्या विद्यार्थिनीच्या शेतातील ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकताच फसफसून बुडबुडे आले, म्हणजे तिथे चुनखडी आहे. शाळेच्या बागेतील मातीवर तसे काहीच झाले नाही. आता ती शेताच्या चारही कोपऱ्यांतली माती आणणार आहे.