विषय: जळगावचं घर, भाडेकरू आणि पाण्याची मोटार

नमस्कार मंडळी,
मी परदेशात असतो. मेहरूणला आमचं घर आहे, खाली भाडेकरू राहतात. वडील होते तोवर सगळा व्यवहार तोंडी चालला. आता घर माझ्या नावावर आलंय आणि दोन महिन्यांचं भाडं थकलंय. भाडेकरू म्हणतात, पावसाळ्यात स्लॅब गळतो, आधी तो दुरुस्त करा. चुलतभाऊ म्हणतो, "मोटार बंद कर, आठ दिवसांत खाली करतील." काय करू?
– हेमंत

हेमंत,
मोटारीला हात लावू देऊ नकोस, भावाला आजच फोन कर. जळगावात नळ रोज येत नाही, वरच्या टाकीवरच घर चालतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ कडे जातो, कूलरलासुद्धा पाणी लागतं. अशा घराचं पाणी तोडणं माणुसकीला धरून नाहीच, शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे तो गुन्हा आहे. भाडं थकलं असलं तरी पाणी आणि वीज तोडता येत नाही.

स्लॅबचं म्हणशील तर कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही आपण दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून भाड्यातून वळती करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. गच्चीचं काम पावसाळ्याआधीच उरकून घे. पाऊस लागला की मिस्त्री मिळत नाही.

तुझी खरी अडचण कागदाची आहे. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं आपल्यावर. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

ते कुटुंब तुझ्या वडिलांच्या शब्दावर तिथे राहिलं. त्यांच्याशी तू स्वतः बोल, भावाकरवी निरोप नको. राजी असतील तर रीतसर करार करा. नसतील तर जळगावचा वकील गाठ, कारण जुन्या तोंडी भाडेकरूला कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. भाड्याची पावती मात्र दर महिन्याला द्यायचीच.
– मंदाताई

हेमंतभाऊ,
ताईंच्या बोलण्यात थोडी भर. आपण अनिवासी (परदेशात राहणारे), म्हणून भाडं कितीही कमी असलं तरी भाडेकरूनं त्यातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापायचा असतो, ३० टक्के आणि वर सेस (उपकर). बिचाऱ्याला हे ठाऊकच नसतं, त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो, तेव्हा आपणच समजावून सांगायचं. भाडं एनआरओ खात्यात (अनिवासींच्या भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) घ्या. विवरणपत्र भरलं की जादा कापलेला कर परत मिळतो. आणि करारावर आपल्या वतीनं तिथल्या कोणी सही करावी म्हणून मुखत्यारपत्र इथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवलंत, तर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्या. भुसावळच्या घरासाठी आम्ही असंच केलं.
– प्रदीप

ताई, प्रदीपभाऊ,
भावाशी बोललो, मोटार चालू आहे. भाडेकरूंशीही बोललो. रविवारी मिस्त्री गच्ची बघायला येतोय. भाड्याचं आणि कराराचं त्यानंतर बसून ठरवू म्हणाले. मुखत्यारपत्राचा मसुदा कोणाकडे असेल तर पाठवाल का?
– हेमंत