मदत हवी आहे : फिरत्या शेतीची 'पडीक' जमीन कुणाची?

नमस्कार मंडळी, फिरत्या शेतीवर लेख लिहितेय आणि एका मुद्द्यावर पुरती अडकलेय.

जंगलाचा तुकडा तोडायचा, वाळवून जाळायचा, एक-दोन वर्षं पीक घ्यायचं आणि पुन्हा जंगलाच्या हवाली करायचा. अनेक ठिकाणी झाडं मुळासकट उपटत नाहीत. गुडघाभर बुंधे राखतात, पावसात त्यांनाच धुमारे फुटतात. म्हणजे पडीक दिसणारी जागाही शेतीचाच भाग. पण संरक्षित क्षेत्राची हद्द आखताना ती 'वन' म्हणून आत जाते. मग उरलेल्या जमिनीवर त्याच तुकड्यात पुन्हा पीक घेण्याचा फेरा लवकर येतो, माती थकते आणि ठपका शेतकऱ्यांवरच! मला हे फार अन्यायाचं वाटतं.

थायलंडचंच बघा. २०११ मध्ये काएंग क्राचान राष्ट्रीय उद्यानात कारेन या आदिवासी लोकांची घरं जाळली गेली. २०१३ मध्ये त्यांच्याच फिरत्या शेतीला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. २०२१ मध्ये ते जंगल जागतिक वारसा यादीत गेलं.

पडीक जमीनही गावाच्या हक्कात धरून संवर्धन केल्याची उदाहरणं कुणाला माहीत आहेत का? गावकऱ्यांनी स्वतः तिचे नकाशे कसे केले, हे विशेष हवंय. मराठीत काही वाचलं असेल तर नक्की कळवा.