पूर अलमट्टीमुळं, मग तापमानवाढ कुणामुळं?

मिरजकर: काल इथंच एकानं लिहिलं, 'माणसानं पृथ्वी तापवली हे शहरी लोकांचं खूळ आहे. सांगली बुडते कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळं, विषय संपला.' संपला कसा? कारखानदारी यायच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भाग होता, आज ४२०च्या वर आहे. हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते आणि कोयना-महाबळेश्वरावर चार दिवसांत ओतून मोकळी होते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ २००५ला कृष्णेचं पाणी ५३ फुटांवर गेलं, तेव्हा 'शंभर वर्षांतनं एकदा' म्हणत होतो. २०१९ला ५७ फूट, २०२१ला परत पंचावन्नच्या घरात. शंभर वर्षं भलतीच लवकर भरायला लागली! तरी निळ्या रेषेच्या, म्हणजे बांधकामबंदीच्या पूररेषेच्या, आतल्या प्लॉटला अजून गिऱ्हाईक मिळतंय.

कृष्णाकाठ: लिहिणारा मीच. अलमट्टी ५१९.६० मीटरवरनं ५२४च्या वर न्यायला निघालेत, त्यावर तुमचं अवाक्षर नाही. २०१९ला आम्ही बाष्पाचे टक्के मोजत नव्हतो, आईला खाटेसकट माळवदावर चढवत होतो. म्हशींची दावी कापली. तीन परत आल्या, गाभण होती ती गेली. अमेरिकेतला माणूस आपल्या सहा-सात पट धूर सोडतो, त्याला शिकवा जाऊन.

मिरजकर: म्हशीचं वाईट वाटलं. पण पुराचा अभ्यास करायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं दोष अलमट्टीवर ठेवला नाही, हे तरी वाचा.

कृष्णाकाठ: समिती कुठं राहते? मारुती चौकात?

माणदेशी: तुमचं पुराचं रडगाणं चालू द्या, आमच्या आटपाडीत टँकरची वाट बघत पिढी गेली. काठावर पाटानं ऊस पाजून जमिनी क्षारपड केल्या, तरी परत ऊसच. निसर्ग नंतर, आधी तुमची हाव बोला.

तासगाववाला: ए, हाव कुणाला म्हणतोस? द्राक्ष लावून बघ एकदा. ऑक्टोबर छाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आली की अवकाळी हजर. डाऊनी, घडकूज, रोगच रोग. रात्री बॅटरी लावून औषध मारायचं, सकाळी परत पाऊस. वडिलांच्या काळी असला पाऊस नव्हता. दीड एकर तोडून ऊस लावला. आडवा झाला तरी कारखान्याकडनं बिल येतंय.

माणदेशी: म्हणजे पाऊस बदलला, हे तूच सांगायलास. घ्या मिरजकर, साक्षीदार मिळाला.

तासगाववाला: मी पावसाचं बोललो, ह्यांच्या धुराचं नाही. तोंडात शब्द घालू नकोस.

मिरजकर: मग बदलला कशानं? करणी केली कुणी?

कृष्णाकाठ: बरं बाबा, बदललाय पाऊस. खूळ हा शब्द मागं घेतो, अलमट्टी नाही. आणि निळी रेषा आधी बंगलेवाल्यांना दाखवा, मग आमच्या गोठ्याला.

मिरजकर: हे मान्य. पण पाऊस असाच पडणार असेल, तर जुलैअखेर कोयनेत किती जागा मोकळी ठेवायची? १०५ टीएमसीचं धरण ऑगस्ट लागताच काठोकाठ भरून बसायचं आणि मग दारं उघडायची, हे किती दिवस?

तासगाववाला: मोकळी ठेवली आणि नंतर पाऊसच नाही आला, तर उन्हाळ्यात उसाला पाणी तू देणार?

माणदेशी: आला का परत ऊस! ते पुराचं पाणी आमच्याकडं वळवा की. पाणी वर उचलणाऱ्या टेंभू योजनेच्या उपशाचं वीजबिल तेवढं काठावाल्यांनी भरा.

तासगाववाला: आता ह्यात बिल कुठनं आणलंस?